मदत हवी आहे: कॅम्पसमधल्या सबमीटरची बेरीज बिलाशी जुळत नाही

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका कॉलेजात मी विद्युत देखभाल बघतो. कॅम्पसला २२ केव्हीचं एकच एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, त्यामुळे महावितरणचं बिलही एकच. कुठली इमारत किती वीज खाते हे कळावं म्हणून दोन वर्षं मागे लागून यंदा आठ इमारतींना सबमीटर बसवून घेतले. पण त्यांची बेरीज बिलातल्या युनिटपेक्षा १८ टक्के कमी भरते. पुढच्या आठवड्यात समितीची बैठक आहे. आकडे जुळत नाहीत म्हणून मीटरच गुंडाळून ठेवतील, ही धास्ती आहे. आणि याच मीटरनी पहिल्या महिन्यात दाखवलं की लायब्ररी रात्री तीनलाही १४ किलोवॅट घेते. जाऊन बघितलं तर वाचनकक्षात चिटपाखरू नाही आणि सगळे एसी चालू!

दुसरं पाण्याचं. हॉस्टेलच्या पंपाच्या लाइनवर मीटर आहे. रात्रभर तो शून्य दाखवतो, तरी सकाळी वरची टाकी बरीच उतरलेली असते. उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवतो, म्हणून जीव जळतो. कुठून शोधू?

प्रतिसाद

सर, आधी बिल नीट बघा. एप्रिल २०२० पासून एचटीचं बिल केव्हीएएचवर (प्रत्यक्ष कामी न येणारी वीजही धरून मोजलेले युनिट) येतं आणि तुम्ही बहुधा केडब्ल्यूएच (फक्त कामी येणाऱ्या विजेचे युनिट, म्हणून आकडा कमी) बेरजेला घेताय. शिवाय मेन मीटर एचटी बाजूला आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लॉसही त्यात आला. रीडिंगची तारीखही एकच हवी.

मग प्रत्येक मीटरवर तिन्ही फेजचे किलोवॅट वेगवेगळे बघा. एखादा उणे दिसला तर त्या फेजची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारेतला मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देणारी कडी) उलटी बसलीय. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर असा मीटर खऱ्या वापराच्या एक तृतीयांशच मोजतो. सीटी २००/५ ची (२०० अँपिअरचे ५ करणारी) आणि मीटरमध्ये सेटिंग १००/५ असेल तर निम्माच. टोंग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजायचं यंत्र) पडताळा. चालू लोडवर सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणाऱ्या तारा) मात्र उघडू नका, जिवावर बेतेल.

पाण्याचा मीटर चुकीच्या जागी आहे. तो फक्त पंप चालतो तेव्हा फिरणार. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर हवा. तोवर पंप बंद ठेवून रात्री एक आणि पहाटे चारला पातळी मोजा. ३ बाय २ मीटरच्या टाकीत १० सेंटिमीटर उतार म्हणजे ६०० लिटर. मग फ्लशच्या टाक्यांत थोडा रंग टाका. न ओढता भांड्यात रंग उतरला की गळती तिथेच.

मूळ लेखक

मनापासून आभार! वर्कशॉपच्या पॅनलवर वाय फेज (तिन्हीतला पिवळा) उणे निघाला. शटडाउन घेऊन सीटी सुलट केली. केव्हीएएच धरून तफावत आता ५ टक्क्यांवर आलीय. हॉस्टेलमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे चार फ्लश रात्रभर वाहत होते, वॉशर आजच बदलले. वर्कशॉपचे मागचे तीन महिने तीनने गुणू का?

प्रतिसाद

वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीन असतील तर नको, तिन्ही फेजवर लोड सारखा नसतो. त्या महिन्यांपुढे सरळ "मीटर दोष" लिहा आणि दुरुस्तीच्या तारखेपासून मोजा.