खेळाच्या मानसशास्त्रात पीएचडी: कुठून करावी?

कोल्हापूरकर: मानसशास्त्रात एमए, ५८ टक्के. सात वर्षं कुस्ती केली. आमच्या तालमीतला एक पोरगा सरावात भल्याभल्यांना लोळवतो, पण मैदानात नाव पुकारलं की त्याचे हात गार पडतात. मला यावरच पीएचडी करायची आहे.

खोखोवाली: दादा, विद्यापीठाआधी मार्गदर्शक बघा. माझ्या मार्गदर्शकांना खेळाशी घेणंदेणं नव्हतं. विषय दोनदा बदलला, वर्ष गेलं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. किमान ३ वर्षं धरून चला. यूजीसीची नेट परीक्षा द्याच, तिच्या गुणांवर आता पीएचडीला प्रवेश मिळतो.

माजी धावपटू: ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थाही बघा, तिथे क्रीडा मानसशास्त्र शिकवतात.

खोखोवाली: आणि सीएसएआय-२ सारखी, खेळाडूची स्पर्धेआधीची चिंता मोजणारी इंग्रजी प्रश्नावली तशीच वापरू नका. मी मराठी करून पोरींना दिली. ‘स्पर्धेची काळजी वाटते का?’ याला सगळ्या ‘नाही’. तेच ‘छातीत धडधडतं का?’ विचारलं, तर तासभर बोलत बसल्या.

कोल्हापूरकर: ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. उद्याच पोराला असं विचारून बघतो.