भिंतीवर कोट्यवधी, ताळेबंदात शून्य
वर कुणीतरी विचारलंय, एवढी मोलाची चित्रं असताना म्युझियमला पगाराची चणचण कशी? मी अमेरिकेत एका कलासंग्रहालयाच्या अकाउंट्समध्ये आहे, म्हणून लिहितो. इथे बहुतेक ताळेबंदांत चित्रांची किंमत धरलेलीच नसते. चित्र विकलंच, तर पैसा नव्या कलाकृतींना किंवा संग्रहाच्या निगेला, पगाराला नाही. खरेदीसाठी आलेल्या देणगीतून विजेचं बिलही भरता येत नाही (आणि एसी चोवीस तास!). २०१३मध्ये डेट्रॉइट शहर दिवाळखोरीत गेलं, तेव्हा तिथल्या म्युझियममधल्या, शहराच्या पैशातून घेतलेल्या कलाकृतींची किंमत ख्रिस्तीज या लिलाव कंपनीने ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलर काढली होती. शहराची देणी भागवायला त्यांचा लिलाव होईल, ही भीती खरीच होती. शेवटी फाउंडेशन्स, राज्य सरकार आणि खुद्द म्युझियमने मिळून रक्कम उभी केली, तेव्हा कुठे चित्रं वाचली.