‘आसुरी आनंद’ की नुसतं ‘जिरली’?

गिरगावकर: ‘शाडनफ्रॉइड’ या जर्मन शब्दाला मराठीत काय म्हणाल? ‘शाडन’ म्हणजे नुकसान, ‘फ्रॉइड’ म्हणजे आनंद; दुसऱ्याची फजिती बघून मनातून होणारा आनंद. कॉलेजच्या पोरांसाठी आत्मसन्मानावर लिहितोय. जो तो ‘आसुरी आनंद’ सुचवतो, पण सतरा वर्षांच्या पोरीला असुर म्हणवत नाही.

शब्दवेडी: ‘विघ्नसंतोषी’ आहे की.

लोकलवासी: नाही जमत. विघ्नसंतोषी माणूस खोडा घालायला टपलेला असतो. इथे आपण काहीच केलेलं नसतं. समोरचा आपसूक पडतो आणि आपल्याला मनातल्या मनात उकळ्या फुटतात.

माझ्या मते बोलण्यात याला नाम नाही, क्रियापद आहे: ‘जिरली!’ आपण हात घातला तर ‘जिरवली’, नुसतं बघितलं तर ‘जिरली’. आणि क्रियापद स्त्रीलिंगी, कर्ता गायब! काय जिरली? मस्ती, रग, घमेंड. म्हणजे पडणारा आधी माजला होता, हे आपण न बोलताच ठरवून टाकलेलं.

परवा भांडुपला बहिणीकडे होतो. सीईटीचा निकाल लागलेला, भाचीचा क्लासचा ग्रुप टणटणत होता. कायम पहिल्या येणाऱ्या मुलीचं पर्सेंटाइल घसरलं होतं. ‘बरी जिरली हिची!’ भाची म्हणाली. म्हटलं, तुझं काय? तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि गॅसवरचं दूध बघायला गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या विल्को फान डाइक आणि सहकाऱ्यांचा २०११चा अभ्यास याच्याच जवळचा आहे. विद्यार्थ्यांना एका हुशार विद्यार्थ्याच्या फजितीची हकिकत वाचायला दिली. जे स्वतःला कमी लेखत होते त्यांना त्या हुशाराचा धसका जास्त, आणि त्याच्या फजितीचा आनंदही जास्त. आधी स्वतःबद्दल बरं वाटेल असं काही करायला दिलं, की तो आनंद ओसरायचा.

शब्दवेडी: मग ‘पोपट झाला’?

लोकलवासी: पोपट मित्राचा होतो, त्याच्या तोंडावर, तोही हसतो. ‘जिरली’ बहुतेक वेळा पाठीमागे.

शब्दवेडी: उलटा शब्द मात्र आपल्याकडे तयार आहे, ‘मुदिता’: दुसऱ्याचं चांगलं बघून होणारा आनंद. पतंजलींच्या योगसूत्रात (१.३३) मैत्री, करुणा यांच्या पंगतीत बसलाय. बोलण्यात कोणी वापरत नाही, मुलीचं नाव ठेवतात फार तर.

गिरगावकर: शीर्षक ‘जिरली!’ ठेवतो. भाचीला किती पडले?

लोकलवासी: अजून सांगितलेलं नाही.