हुर्राक आली! काजूच्या दारूबद्दल माहितगारांनी लिहा

बाजारात पिकल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) वास सुटला आणि सगळं आठवलं, म्हणून हा धागा. काजूचा रस एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी घाटावर तिची ओळख ‘उग्र वासाची दारू’ एवढीच. वाईट वाटतं. गाळणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी, पिणाऱ्यांनी नेमकं लिहा.

सत्तरीकर: सगळं बोंडूवर आहे. झाडावरचा तोडायचा नाही, पिकून पडलेलाच घ्यायचा. तोडलेल्याचा तुरटपणा थेट फेणीत उतरतो. सकाळी वेचायचे, बी पिळून काढायची, त्याच दिवशी कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या खळग्यात, तुडवायचे. दोन दिवस पडलेला बोंडू आंबला की भट्टीवाला काही करू शकत नाही.

भाटातली: तुडवल्यावर चोथ्याचा ढीग वेलीने बांधून वर दगड ठेवतात. त्यातून थेंब थेंब उतरतो तो नीरो. गोड, नितळ. दुपारच्या आत प्यायचा, मग फसफसतो.

वेंगुर्लेकरीण: विषय सोडून लिहितेय. बोंडूच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही, जुनेच घाला. आणि ओल्या बिया पोरांच्या हाती देऊ नका, टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटते.

भट्टीवरून: रस मडक्यात तीनेक दिवस आपोआप आंबतो, यीस्ट लागत नाही. फेस बसला की भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात. चोथा गाळून घ्या, तळाला लागला तर करपट वास अख्ख्या गाळपाला. जाळ मंद. जोरात लावलात तर रस उतू जाऊन नळीतून लवणीत (दारू साठते त्या मडक्यात) येतो, धार गढूळ. लवणीवर गार पाणी सतत हवं, ती तापली की वाफ तशीच निसटते. पहिलं गाळप ती हुर्राक, साधारण 15 टक्के अल्कोहोल. तीच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळली की फेणी, 42 च्या आसपास. भट्टीवर टक्के कोणी बोलत नाही, ग्राव बोलतात, कडकपणा मोजायचं जुनं माप. फेणी 19-20 ग्राव.

पुणेकर_अमुक: ‘पहिल्या धारेची’ म्हणतात ती हीच का?

भट्टीवरून: हो, सुरुवातीची धार सगळ्यात कडक. पण अगदी पहिली ओतून टाकायची, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो तिला. प्यायची ती मधली.

म्हापसेकर: हुर्राक अशी घ्या: उंच ग्लास, 60 मिली, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिम्का आणि बर्फ. सौम्य लागते म्हणून लोक सरबतासारखी पितात आणि उठताना कळतं. दोनवर थांबा, गाडी दुसऱ्याकडे द्या. ती उन्हाळ्यातली, टिकत नाही, त्यामुळे दिवाळीत कोणी ‘ताजी हुर्राक’ दिली तर घेऊ नका.

दोडामार्ग: बाटली हलवल्यावर वर आलेले मणी (बुडबुडे) टिकले की असली, बरोबर ना?

भट्टीवरून: मणी कडकपणा सांगतात, शुद्धता नाही. स्पिरिट घातलेल्यालाही मणी येतात. दोन थेंब तळहातावर चोळा. दारू उडाल्यावर बोंडूचा वास मागे राहायला हवा.

रेंदेराचा शेजारी: माडाची फेणी विसरलात सगळे! ती सुरेची, म्हणजे माडीची. रेंदेर (माडी काढणारा) दिवसातून तीनदा माडावर चढतो, सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला, दुपारी पोय (माडाचा फुलोरा) तासायला. चढणारे कमी झाले तशी ही फेणीही दुर्मीळ झाली.

सांजांव: हिंदी सिनेमातला गोंयकार कायम झोकांड्या खातो, त्याचा फार राग येतो. रात्रभर जाळ सांभाळणारा त्यात दिसत नाही. 24 जूनला सांजांवच्या सणाला गोव्यात या. डोक्यावर फुलापानांचा मुकुट, कोपेल, घालून विहिरीत उड्या मारतात, घरोघर फेणी मिळते. फक्त आधी उडी, मग पेला.

वेंगुर्लेकरीण: 👍 उडीचं बरोबर. काठावर दोर आणि न प्यालेला एक माणूस ठेवाच.

पुणेकर_अमुक: येताना दोन बाटल्या आणल्या तर?

म्हापसेकर: दुकानातून परवाना आणि बिल मागून घ्या, नाक्यावर तपासतात. प्लास्टिकच्या बाटलीत भरून नेऊ नका, वास बिघडतो.

पुणेकर_अमुक: आणि नीरो? शनिवारी म्हापशात पोचतोय.

भाटातली: एक दिवस आधी या. बाजार शुक्रवारचा. सकाळी लवकर.