सेलमधली खरेदी: इसराफ की तब्जीर?

प्रश्न: जुना मोबाइल चालू असताना सेलमध्ये नवा घेतला, तर तो इसराफ की तब्जीर? आणि कपाटात पडलेल्या वस्तूंवर जकात (इस्लाममधलं बंधनकारक वार्षिक दान) लागते का?

उत्तर: इसराफ म्हणजे हलाल गोष्टीतही मर्यादा ओलांडणं. कुरआनच्या ७:३१ मधलं ‘खा, प्या, पण अतिरेक करू नका’ सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच आयतीची सुरुवात इबादतीच्या वेळी नीटनेटके कपडे घालण्यापासून होते. त्यामुळे चांगलं वापरणं हा दोष नव्हे. तब्जीर म्हणजे उधळपट्टी, ती १७:२६ मध्ये येते: आधी नातेवाईक, गरीब, वाटसरू यांचा हक्क, मग उधळपट्टीची मनाई. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमचा मोबाइल बहुधा इसराफच.

उत्तर: वापरायला घेतलेल्या मोबाइल-कपड्यांवर जकात नाही, पडून असले तरी. रोकड, सोनं-चांदी, विक्रीचा माल यांवर आहे. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी. चांद्र वर्ष पूर्ण झालं की अडीच टक्के. २ लाखांवर ५ हजार. दागिन्यांचा हिशेब खरेदीच्या पावतीवरून करतात, तिथेच चुकतं. आजचा भाव धरा, घडणावळ सोडा.

उत्तर: अंगावरच्या दागिन्यांवर हनफी मतानुसार जकात आहे, शाफिईंच्या प्रचलित मतानुसार नाही. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफिई, म्हणून आधी मजहब (हनफी, शाफिई अशी इस्लामी कायद्याची परंपरा) बघा.