जुनी समलैंगिक नाटकं : जी वाचली, ती वाचायची कुठून?

तिसरी_घंटा :
आम्ही सहा जण महिन्यातून एकदा जमून एक नाटक मोठ्याने वाचतो. अभिवाचन म्हणण्याइतकं भारदस्त काही नाही. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटायच्या, बाईचं काम पुरुषाला आलं तर त्यानेच करायचं, आणि वाचून झालं की भांडायचं.

गेल्या वेळी लॅनफर्ड विल्सनचं 'द मॅडनेस ऑफ लेडी ब्राइट' घेतलं. १९६४ चं, एकांकिकाच. लेस्ली ब्राइट नावाचा चाळिशीचा ड्रॅग क्वीन (बायकी वेषात नटणारा पुरुष) न्यूयॉर्कच्या एका उकडत्या खोलीत एकटा आहे. खोलीत येऊन गेलेल्या पुरुषांनी भिंतीवर सह्या करून ठेवल्यात. सुरुवातीला तो फोन लावतो तो कुणा माणसाला नाही, तर रेकॉर्ड केलेली प्रार्थना ऐकवणाऱ्या नंबरला. लेस्ली माझ्या वाट्याला आला. सह्यांपाशी आले आणि आवाज बसला. सहसा माझं असं होत नाही, मी गटातली सगळ्यात कोरडी वाचक.

आता आणखी हवंय. पण जी यादी उघडावी ती १९६८ च्या 'द बॉइज इन द बँड'पासून सुरू होते, जणू त्याआधी या माणसांवर कुणी नाटकच लिहिलं नाही. त्याआधीचं काय आहे? संहिता मिळतात का? आणि खरं सांगा, आज वाचताना मजा येते, की नुसतं ऐतिहासिक महत्त्व म्हणून सहन करायचं?

जुनी_संहिता :
भरपूर आहे. फक्त शोधायची जागा वेगळी. नाट्यगृहांकडे बघू नका, सरकारी दप्तराकडे बघा.

लंडनचंच घ्या. १७३७ च्या कायद्यापासून १९६८ पर्यंत तिथे सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीत मंजुरीला द्यावी लागे. तिथले वाचक निळ्या पेन्सिलीने ओळी कापायचे, वर अहवाल लिहायचे. १९५८ पर्यंत समलैंगिकता हा विषयच रंगमंचावर वर्ज्य होता. पण कचेरीची एक सवय चांगली : आलेला कागद टाकायचा नाही. १८२४ पासूनचा तो ढीग आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्यांनी तोंड दाबलं, त्यांनीच कागद जपला. आपल्याकडे 'दप्तरदाखल झालं' म्हणजे संपलं. तिथे दप्तरदाखल झालं म्हणून वाचलं.

न्यूयॉर्कला तर थेट पोलीस. फेब्रुवारी १९२७ मध्ये एकाच रात्री तीन नाटकांवर धाडी पडल्या. त्यातलं एक 'द कॅप्टिव्ह', एदुआर बूर्देच्या फ्रेंच नाटकाचं इंग्रजी रूप, एका स्त्रीच्या दुसऱ्या स्त्रीवरच्या प्रेमाचं. दुसरं 'सेक्स', अभिनेत्री आणि लेखिका मे वेस्टचं. तिने त्यापायी तुरुंगवास भोगला. त्याच सुमारास तिचं 'द ड्रॅग' कनेक्टिकट आणि न्यू जर्सीत खेळून झालं होतं, पण ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलंच नाही. मग त्याच वर्षी कायदा झाला : रंगमंचावर 'लैंगिक विकृती' दाखवली तर थिएटरला वर्षभर कुलूप. तो १९६७ पर्यंत होता. तुमच्या याद्या १९६८ ला का सुरू होतात, ते यात आलं.

'द ड्रॅग' पुस्तकात यायला १९९७ उजाडलं. तोवर सत्तर वर्षं बहुतेकांसाठी ते फक्त ऐकीव होतं.

उलट तुमची लेडी ब्राइट जिथे जन्मली, त्या कॅफे चिनोचं बघा. जो चिनोने १९५८ मध्ये कॉर्नेलिया स्ट्रीटवर कॉफीचं दुकान म्हणून ते सुरू केलं. रंगमंच जेमतेम आठ फूट लांब-रुंद, नटांचं मानधन म्हणजे प्रेक्षकांत फिरवलेली टोपी. तिथे संहिता कुणाकडे मंजुरीला गेली नाही, म्हणजे प्रत जपायची सक्तीही कुणावर नव्हती. १९६७ मध्ये चिनो गेला, पुढच्या वर्षी कॅफे बंद. तिथलं आज जे हाती आहे ते त्या लोकांनीच ट्रंकांत, फायलींत ठेवलं म्हणून. बरेच कागद आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या नाट्यविभागात आहेत.

पुढचं वाचन : रॉबर्ट पॅट्रिकचं 'द हॉन्टेड होस्ट'. तेही चिनोचंच, १९६४ चंच. मेलेल्या प्रियकराच्या आठवणीने झपाटलेल्या नाटककाराच्या घरी अगदी त्याच चेहऱ्याचा तरुण येऊन टपकतो. लेडी ब्राइटमध्ये नायक वेडा होतो, इथे तो पाहुण्याला पिटाळून लावतो. दोन्ही पाठोपाठ वाचा.

विंगेतून :
जुनी_संहिता यांना अनुमोदन, पण एक तक्रार. कागद वाचला म्हणजे नाटक वाचलं असं नाही. 'द ड्रॅग' आम्ही तालमीत उभं करून पाहिलंय. न्यायाधीशाचा मुलगा, त्याचं चोरटं आयुष्य, शेवटी खून आणि घराण्याच्या अब्रूसाठी तो आत्महत्या म्हणून दडपणं. हा भाग लाकडी आहे, डॉक्टरची लांबलचक भाषणं तर कापाच. पण तिसऱ्या अंकातली पार्टी! त्यासाठी मे वेस्टने खरोखरचे ड्रॅग कलावंत घेतले होते आणि तालमीत त्यांना मोकळं सोडलं होतं. छापील पानावर ते टोमणे अर्धेच दिसतात, बाकीचं त्या माणसांच्या हातवाऱ्यांत होतं. ते कुठल्या दप्तरात शोधणार?

'मजा येते का' याला माझं उत्तर : शोलेम अॅशचं 'गॉड ऑफ व्हेंजन्स'. १९०६ मध्ये यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहिलेलं. तळघरात कुंटणखाना चालवणारा बाप वरच्या मजल्यावर मुलीला 'पवित्र' ठेवायला धडपडतो, त्यासाठी धर्मग्रंथाची गुंडाळी लिहवून घेतो. आणि मुलगी प्रेमात पडते ती खालच्याच कुंटणखान्यातल्या मांकेच्या. दुसऱ्या अंकात दोघी पावसात भिजून आत येतात. एवढंच. पण तो प्रवेश वाचताना आमच्या प्रॉम्प्टरने पान उलटायचं थांबवलं. १९२३ मध्ये ब्रॉडवेवर याच नाटकासाठी निर्मात्यासकट सगळ्या नटसंचाला अश्लीलतेच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं. पुढे अपिलात ते रद्द झालं.

चौथी_भिंत :
लेस्बियन बायकांची नाटकं बायकांनीच लिहिलेली हवी असतील तर मात्र दोघांच्याही यादीत काही नाही, हे लक्षात आलं का? अॅश, बूर्दे, सगळे पुरुष. 'द कॅप्टिव्ह'मध्ये तर जिच्यावर नायिका आयरीनचं प्रेम आहे ती रंगमंचावर येतच नाही. तिची फक्त व्हायोलेटची फुलं येतात, आणि ती किती भयंकर आहे हे तिचा नवरा सांगतो. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये (१९८१) सुमित्रा निदान समोर उभी राहून बोलते, रोहिणी हट्टंगडींनी केलेली. पण तिची गोष्ट आपल्याला सांगतो तो तिचा मित्र बापूच.

म्हणून जेन चेंबर्स वाचा. 'अ लेट स्नो' १९७४ चं, 'लास्ट समर अॅट ब्लूफिश कोव्ह' १९८० चं. दुसऱ्यात समुद्रकाठी सुट्टीला आलेल्या सात लेस्बियन बायका, आणि चुकून त्यांच्यात येऊन पडलेली आठवी. सगळ्या एकमेकींना ओळखतात, जुनी प्रकरणं, उणीदुणी, पत्ते. एक मरणार आहे, पण ती लेस्बियन आहे म्हणून नव्हे, कॅन्सरने. त्या काळात हा फरक फार मोठा होता. चेंबर्स स्वतः १९८३ मध्ये मेंदूच्या ट्यूमरने गेली, पंचेचाळिशीत.

तिसरी_घंटा :
सगळ्यांचे आभार. मध्यंतरी दोन बैठका झाल्या, म्हणून उशीर.

'हॉन्टेड होस्ट'ला आम्ही इतके हसलो की एकदा थांबून पाणी प्यावं लागलं. जुनी_संहिता, तुम्ही म्हणालात तसं दोन्ही एकाच दिवशी घेतलं. पण क्रम उलटा : आधी होस्ट, मग पुन्हा लेडी ब्राइट. हसून झाल्यावर ती सह्यांची भिंत जास्त लागते.

'द कॅप्टिव्ह'वर जोरदार भांडण झालं. नवऱ्याच्या त्या इशाऱ्याच्या भाषणाला एकाने नाटकाचं हृदय म्हटलं, एकीने हातातली झेरॉक्स मिटून ठेवली. चौथी_भिंत यांचा मुद्दा मी तिथे मांडला, तर उपाय निघाला : पुढच्या वेळी तोच प्रवेश पुन्हा, आणि न दिसणाऱ्या बाईसाठी एक खुर्ची मधोमध रिकामी ठेवायची. भाषण तिच्याकडे बघून करायचं. वाचणाऱ्याला अवघड जाणार आहे. चिठ्ठी नेमकी नाटकाचं हृदय म्हणणाऱ्यालाच आली आहे.

'ब्लूफिश कोव्ह'ला आठ बायका लागतात, आम्ही आहोत सहा आणि त्यातले तीन पुरुष. कुणी डबल रोल करून पाहिलाय का?

विंगेतून :
डबल नको, त्यात सगळ्या सतत एकत्र असतात. दोन वाचक उसने आणा. आणि खुर्चीचं काय झालं ते इथे नक्की लिहा.