चार बटणं दाबायची, मग तुंबलेल्या गटारीसाठी फोन कुणाला?

मंगळवारपेठकर:
मंडळी, १५ जानेवारी २०२६ ला कोल्हापूर महापालिकेचं मतदान. २०१५ ला ८१ प्रभाग, ८१ नगरसेवक. चार गल्ल्यांमागं एक माणूस. आता तेवढ्याच जागा २० प्रभागांत कोंबल्यात, आमच्या प्रभागात चार. माझं वय ६४, आमच्याकडं मत माणसाला जातं. तालमीचा असावा, फुटबॉलला पेठेच्या संघामागं उभा राहणारा असावा, मयतीला आधी यावा. चिन्ह आम्ही मतदानाच्या सकाळी विचारतो. आमचा एक गडी तीनदा उभा राहिला, तीन चिन्हांवर. आई वैतागली, "त्याचं तोंडच छापा की तिथं!"
आता चौघांतला एकच ओळखीचा. बाकी तीन मतं कुणाला? नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक, गटार तुंबली तर विचारायला कोण नव्हतं. आता चौघं असतील, तरी फोन कुणाला लावायचा?

रंकाळ्याचा वारा:
काका, चारही मतं एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही. अ, ब, क, ड, प्रत्येक जागेला एक बटण. कोण पटत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबा, पण दाबा. एकच दाबून निघालात तर मतदान पुरं होत नाही.

गटातला:
पक्षाचं काय घेऊन बसलाय? २०१९ ला लोकसभेला धनंजय महाडिक राष्ट्रवादीकडनं, आणि काँग्रेसचे बंटी (सतेज) पाटील आघाडीत असून 'आमचं ठरलंय' म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांमागं. २०२४ ला तेच बंटी पाटील मंडलिकांच्या विरोधात, काँग्रेसचे उमेदवार शाहू महाराजांसाठी. आणि महाडिक भाजपमधनं मंडलिकांच्या बाजूला! कोल्हापुरात गट खरा, चिन्ह जर्सी. महापालिकेतबी २०१५ ला काँग्रेस-राष्ट्रवादी वेगवेगळी लढली, निकालानंतर एक झाली. मग पाच वर्षांत महापौरपदाची खांडोळी. नावाची पाटी दारावर लागायच्या आत मुदत संपायची.

शिवाजी पेठेतली काकू:
गटाचं झालं, आता माझं ऐका. निम्म्या जागा बायकांच्या. आमच्या नात्यातली एक निवडून आली होती. तिला फोन लावला की तिचा नवरा उचलायचा, "सांगा, काय काम?" काम व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण मी तिला मत दिलं होतं, त्याला नव्हे. भाऊ, तुम्ही चौघांचेबी नंबर घ्या, आणि बाईचा नंबर बाईकडनंच घ्या.

मंगळवारपेठकर:
वहिनी, हे पटलं. 'क' मधला पोरगा तालमीचा, ते मत ठरलेलं. बाकी तीन जागांवाले प्रचाराला दारात आले की एकच विचारणार, "आमच्या बोळातली गटार कुठं फुटते, दाखवा." ज्याला माहीत असंल त्याला मत. आईला चार चित्रं पाठ करायला बसवलंय. दोन झाली, तिसऱ्याला तिनं चहा मागितलाय.